फासाची गाठ

परतवाड्याहून धारणीकडे निघालेली एस.टी. घाट चढून सेमाडोहला पोचेपर्यंत कपड्यांवर धुळीचा चांगला थर बसलेला असतो. नोकरीत असताना मी इथे पहिल्यांदा आलो तो वाघ बघायला नव्हे, म्हशींच्या कर्जाची वसुली करायला. आता बँक सुटली, वसुली सुटली; पण दर हिवाळ्यात दोन दिवस सिपना नदीच्या काठी येऊन राहायची सवय तेवढी उरली आहे. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. नदीला झाडाचे नाव देणारी माणसे मला आवडतात.

यंदा गेलो तेव्हा वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका जुन्या कोरकू स्नेह्याच्या अंगणात शेकोटीपाशी बसलो होतो. बोलता बोलता शिकारीचा विषय निघाला. ‘‘थांबा सायेब, दाखवतोच तुमाले,’’ असे म्हणून तो आत गेला आणि हातात एक तार घेऊन आला. मोटारसायकलच्या क्लचची साधी तार. तिचे एक टोक त्याने वळवले, दुसरे त्यातून ओढून घेतले, दोन पीळ दिले आणि वेटोळे माझ्यापुढे धरले. ‘‘हा सशाचा. थोडा मोठा केला अन् वर बांधला तं भेकराचा. अन् जाड तार घेतली तं...’’ पुढचे तो बोलला नाही.

त्याचा सात-आठ वर्षांचा नातू शेकोटीच्या पलीकडे उकिडवा बसून बघत होता. म्हातारा चहा आणायला आत वळला, तसे पोराने तार उचलली, बाजेच्या पायाला एक टोक बांधले, दुसऱ्याचा फास केला आणि आपलाच हात आत घालून तो आवळतो की नाही ते पाहिले. आवळला. आजोबा चहा घेऊन आला, नातवाचा हात त्याने सोडवला आणि विचारले, ‘‘कोनं शिकवलं रे तुले?’’

पोरगे म्हणाले, ‘‘तुमीच तं दाखवलं आत्ता.’’

म्हातारा हसला, पण ते हसणे फार वेळ टिकले नाही. मग त्याने सांगितले की, याच वयात तोही बापाकडून हीच गाठ शिकला होता. तेव्हा तार नव्हती, दोरी होती. बाप ससा घरी आणायचा, आई तो शिजवायची, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७४ साली मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला. हा गडी रोजंदारीवर खात्यात लागला, पुढे वनरक्षक झाला आणि उभी नोकरी त्याने दुसऱ्यांनी लावलेले फास शोधून काढण्यात घालवली. ‘‘मले बरोबर सापडत होते,’’ तो म्हणाला, ‘‘कावून का फास कुठी लावाव ते मले ठाव होतं.’’

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. तीच गाठ, तेच हात, शिकवणाराही तोच बाप. एका पिढीत ते जेवण होते, पुढच्या पिढीत गुन्हा आणि त्याच पिढीत नोकरीही. मग गुन्हेगार कशाने होतो माणूस? रक्ताने, की शिकवणीने?

हा प्रश्न आपल्या देशात नुसता पंडितांनी चर्चा करण्याचा नव्हता. त्यावर कायदा झाला होता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागची समजूत अशी की, हिंदुस्थानात विणकराचा मुलगा विणकर होतो आणि सुताराचा सुतार, त्याअर्थी चोराचा मुलगा चोरच होणार. जन्मलेले मूल पाळण्यात असतानाच सरकारदरबारी संशयित ठरायचे. त्यानंतर पाचच वर्षांनी इटलीत लोम्ब्रोझो नावाच्या डॉक्टरने जन्मजात गुन्हेगार कवटीवरून, जबड्यावरून आणि कानांवरून ओळखता येतो असे सांगणारा ग्रंथ लिहिला. म्हणजे शास्त्र मागून आले, आपल्याकडे कायदा आधीच झालेला होता. पुढे हा कायदा वाढत वाढत देशभर गेला. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही, तारेच्या कुंपणात राहायचे. आपल्या वऱ्हाडातले फासेपारधी या शिक्क्याखालीच जगले. घरोघरी जाऊन जात्याला टाके घालून देणारे टाकणकर याच पारध्यांतले. ज्या बाईचे जाते त्यांनी दुपारी टाकवून दिले, तिच्याच घरच्यांनी रात्री त्यांच्या नावाने कडी लावून घेतली. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी.

आता गंमत बघा. विणकराचा मुलगा विणकर होतो हे निरीक्षण खोटे नव्हते. पण तो विणकर होतो ते रक्तामुळे नव्हे. बापाच्या मागाशेजारी बसून होतो. इंग्रजांना जे दिसले ते बरोबर दिसले, अर्थ मात्र नेमका उलटा लावला गेला. हा उलटा लावलेला अर्थ सरळ करण्याचे काम अमेरिकेतल्या एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञाने केले. गुन्हेशास्त्रावरच्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या १९३९ आणि १९४७ च्या आवृत्त्यांत त्याने जे मांडले, ते आपल्या आजीच्या एका म्हणीत मावेल : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण नाही, हे महत्त्वाचे. गुन्हा रक्तातून येत नाही. तो शिकला जातो. आणि जसे गणित किंवा स्वयंपाक शिकला जातो, तसाच शिकला जातो. वर्तमानपत्र वाचून किंवा सिनेमा बघून फारसा नव्हे, तर जवळच्या, जिव्हाळ्याच्या माणसांत राहून. सिनेमाला दोष देणाऱ्या पालकांनी हे जरा लक्षात घ्यावे.

संगतीचा परिणाम किती होईल हे सदरलँडच्या मते चार गोष्टींवर ठरते. ती संगत किती वेळा घडते, किती काळ टिकते, आयुष्यात किती लवकर सुरू होते, आणि शिकवणारा आपल्याला किती मोलाचा वाटतो. शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सेमाडोहच्या त्या पोराने गाठ एका नजरेत उचलली, कारण ती आजोबांच्या हातात होती.

पण सदरलँडने आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिथे त्याची खरी प्रतिभा दिसते. गुन्हा शिकणे म्हणजे दोन गोष्टी शिकणे. एक हाताची आणि एक जिभेची. हाताची म्हणजे फास कसा बांधावा, कुलूप कसे काढावे, सही कशी वळवावी. जिभेची म्हणजे ते करणे कसे ठीकच आहे हे स्वतःला कसे सांगावे. ‘सगळेच करतात.’ ‘त्याला काय कमी आहे?’ ‘सरकारचाच तर पैसा.’ कायदा मोडायला अनुकूल अशी ही वाक्ये ज्याच्या कानावर जास्त पडतात आणि प्रतिकूल वाक्ये कमी, तो गुन्ह्याकडे वळतो. हात लवकर तरबेज होतो. जिभेचा धडा मात्र घरात रोज, न शिकवता, गिरवून घेतला जातो.

मेळघाटाचेच उदाहरण घ्यायचे तर २०१३ साली इथे वाघांच्या शिकारीचे प्रकरण उघडकीला आले. पकडलेल्यांमध्ये मध्य प्रदेशातल्या कटनीकडून आलेले बहेलिया शिकारी होते. प्रकरण न्यायालयात गेले, काहींना शिक्षाही झाल्या. ही माणसे बंदूक वापरीत नाहीत. लोखंडी जबड्याचा सापळा वाटेवर पुरतात. वाघ चालताना पाऊल नेमके कुठे टाकील हे त्यांना मातीवरून कळते, आणि हे ज्ञान कुठल्याही शाळेत मिळत नाही. अशा टोळ्या पुष्कळदा कुटुंबकबिल्यासह हिंडतात. म्हणजे सदरलँडच्या चारही अटी तिथे एका पालाखाली पूर्ण होतात : रोज, वर्षानुवर्षे, पाळण्यापासून आणि आईबापांकडून. यात रक्त कुठे आले? त्याच पालातले पोर उचलून दुसऱ्या घरात वाढवा, त्याला वाघाचा माग आणि मांजराचा माग यातला फरक कळायचा नाही.

इथे एक सावधगिरीचा शब्द लिहिला पाहिजे. बहेलिया किंवा पारधी म्हटले की शिकारी, असा अर्थ कोणी काढील तर १८७१ सालची चूक पुन्हा होईल. शिकण्याचा सिद्धांत जमातीला लागू होत नाही; तो एकेका माणसाला आणि त्याच्या एकेका संगतीला लागू होतो. शिवाय वाघाची कातडी विकत घेणारा कुठल्या जमातीचा असतो, याची चौकशी आपण कधी करत नाही.

मराठीत या शिकवणीचे सर्वांत धीट चित्र लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त आहे. लातूरजवळच्या धनेगावचा हा मुलगा. पुस्तक १९८७ साली आले, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते वाचताना मी हादरलो होतो ते गरिबीने नव्हे. गरिबी आपण कादंबऱ्यांत वाचलेली असते. मी हादरलो ते तिथल्या शिक्षणाच्या शिस्तीने. खिसे कापायचे कसे हे मुलांना पद्धतशीर शिकवायचे, आणि पोलिसांचा मार सोसता यावा म्हणून घरच्यांनीच त्यांना आधी मारून तयार करायचे. अभ्यासक्रमही आहे आणि परीक्षेची तयारीही. पण त्याच घरातला एक मुलगा शाळेत जातो आणि लेखक होतो. रक्ताचा सिद्धांत मानणाऱ्याला लक्ष्मण गायकवाड समजावून सांगता येत नाहीत. शिकवणीचा मानणाऱ्याला येतात.

सदरलँड समाजशास्त्रज्ञ होता. माणूस शिकतो म्हणजे नेमके काय होते, हे दाखवले मानसशास्त्रज्ञांनी. स्किनरने कबुतरांवर प्रयोग करून सांगितले की, ज्या कृतीमागून लगेच बक्षीस येते ती कृती पक्की होते. माझ्या कोरकू मित्राने हेच त्याच्या भाषेत सांगितले : ‘‘फासाचं मटन सकाळी भेटते, अन् केसचा निकाल दहा सालानं.’’ कबुतरावर यापेक्षा जास्त लिहायला नको.

अल्बर्ट बांडुरा या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाचे काम मात्र प्रत्येक आईबापाने ऐकावे असे आहे. १९६१ साली त्याने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेतली ७२ मुले घेतली. काहींसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या रबरी बाहुल्याला हातोडीने झोडपले, लाथा घातल्या, शिव्या दिल्या. नंतर त्या मुलांना त्याच बाहुल्याजवळ सोडल्यावर त्यांनी तेच केले. तीच हातोडी, तेच शब्द. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्याचा १९६५ सालचा प्रयोग. या वेळी मुलांना फिल्म दाखवली. एका गटाच्या फिल्ममध्ये मारणाऱ्याला शेवटी शाबासकी मिळाली, दुसऱ्या गटाच्या फिल्ममध्ये त्याला शिक्षा झाली, तिसऱ्यात काहीच झाले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी बाहुल्याला कमी मारले. इथे थांबले असते तर ‘शिक्षेचा धाक हवा’ म्हणणारे खूष झाले असते. पण बांडुरा थांबला नाही. त्याने सगळ्या मुलांना सांगितले की, फिल्ममधला माणूस काय काय करत होता ते करून दाखवा. जितके आठवेल तितके सरबत आणि चित्रांचे स्टिकर. आणि तिन्ही गटांतल्या मुलांनी जवळपास सारखेच करून दाखवले!

म्हणजे शिक्षा पाहिलेली मुलेही सगळे शिकली होती. फक्त दाखवत नव्हती. शिकणे डोळ्यांनी आधीच होऊन गेलेले असते. ते बाहेर कधी येणार एवढाच प्रश्न उरतो.

आता मला माझ्या स्वतःच्या धंद्याकडे वळले पाहिजे. इतका वेळ मी पारध्यांबद्दल आणि पोरांबद्दल लिहीत राहिलो ते सोयीचे होते म्हणून, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या शाखेत मी अकाउंटंट होतो. संगणक यायचा होता. लेजर, डे-बुक आणि व्हाउचरांच्या गठ्ठ्यांचे दिवस. एक चोवीस वर्षांचा मुलगा क्लार्क म्हणून आला. वडील वारलेले, अक्षर मोत्यासारखे, मला ‘साहेब’ म्हणायचा पण घरी आला की बायकोला ‘काकू’. मी त्याला काम शिकवले. मनापासून शिकवले, कारण तो भराभर शिकत होता, आणि शिकणाऱ्याला शिकवण्यासारखे सुख नाही.

संध्याकाळी हिशेब जुळत नसे. कधी चाळीस रुपयांचा फरक, कधी नव्वदचा. नियम असा की फरक सापडेपर्यंत उठायचे नाही. पण शेवटची बस सातची होती. मी त्याला सांगितले, ‘सस्पेन्स खात्याला टाक, उद्या बघू.’ सस्पेन्स म्हणजे ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती तात्पुरती ठेवायची जागा. उद्या पाहिले जात नसे. महिना उलटला की जुन्या नोंदी इन्स्पेक्टरच्या डोळ्यांवर येत. म्हणून मी त्याला पुढचाही धडा दिला : जुनी नोंद उलटी करायची आणि तेवढ्याच रकमेची आजच्या तारखेची नवी घालायची. नोंद नेहमी ताजी दिसते. यात एक पैसाही कोणाच्या खिशात जात नव्हता. मला हे कोणी शिकवले? माझ्या आधीच्या अकाउंटंटने. त्याला त्याच्या आधीच्याने. हाताचा धडा झाला. जिभेचाही झाला, कारण प्रत्येक वेळी मी हसून म्हणत असे, ‘‘अरे, पैसे कुठं जातात? बँकेतच फिरतात.’’

पुढे माझी बदली झाली. तीन वर्षांनी त्या शाखेत बासष्ट हजारांचा अपहार सापडला. मुलाने बहिणीच्या लग्नासाठी पैसे काढले होते, आणि दर महिन्याला नोंद उलटवून ताजी करत होता. अगदी माझ्या पद्धतीने, मोत्यासारख्या अक्षरात. चौकशीत त्याने लिहून दिले की, मी पैसे खाल्ले नाहीत, फिरवले. सोयाबीनचे पैसे आले की भरणार होतो.

चौकशीला मलाही साक्षीसाठी बोलावले. अधिकाऱ्याने विचारले, अशी नोंद उलटवण्याची पद्धत तुमच्या काळात शाखेत रूढ होती काय? मुलगा समोर बसला होता. त्याने माझे नाव कुठेही घेतले नव्हते. मी ‘नाही’ म्हणालो. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिले आणि मग टेबलाकडे. तो बडतर्फ झाला. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

हे मी आजवर कुठे लिहिले नव्हते. कादंबऱ्यांतही नाही.

पुष्कळ वर्षांनी डोनाल्ड क्रेसीचे संशोधन माझ्या वाचनात आले. हा सदरलँडचा विद्यार्थी. अपहार करून तुरुंगात गेलेल्या शंभराहून अधिक माणसांशी तो बोलला आणि १९५३ साली त्याचे पुस्तक निघाले. त्याला आढळले की, ही माणसे अट्टल नव्हती. विश्वासाच्या जागेवर बसलेली होती. त्यांच्याजवळ तीन गोष्टी एकत्र आल्या. कोणाला सांगता येणार नाही अशी एक अडचण. ती गुपचूप सोडवता येईल अशी हातातली संधी. आणि तिसरी म्हणजे एक वाक्य. हे वाक्य गुन्ह्यानंतर सारवासारव म्हणून सुचत नाही; ते आधी सापडते, आणि मग हात पुढे होतो. बहुतेकांचे वाक्य एकच होते : मी चोरत नाही, उसने घेतो. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. अडचण त्याची होती आणि संधी खुर्चीने दिली. वाक्य मात्र मी दिले होते. फिरतात.

पण इथे सिद्धांताची एक उणीवही सांगितली पाहिजे, नाहीतर मी स्वतःला उगीच फार मोठा गुन्हेगार करून घेईन, आणि तोही एक प्रकारचा तोरा असतो. त्या शाखेत मी आणखी तिघांना हीच युक्ती शिकवली. त्यांतल्या एकानेही पैशाला हात लावला नाही. एकाच घरातले दोन भाऊ, एक तुरुंगात आणि एक मास्तर, हे आपण बघतोच. मग पहिल्या चोराला कोणी शिकवले, असेही विचारणारे विचारतात. संगत सगळे सांगत नाही. कुणाच्या गळ्याशी त्या महिन्यात काय आले होते, कुणाला रात्री बोलायला माणूस होते की नव्हते, हेही बघावे लागते. त्या मुलाने बहिणीच्या लग्नाची अडचण मला फोन करून सांगितली असती तर? पण मी बदलीच्या गावी होतो, आणि त्या गावचा नंबर मी त्याला दिलाच नव्हता.

सदरलँडच्या विचाराचा दुसरा धागा आपल्यासारख्या पांढरपेशांना फारसा रुचत नाही. १९३९ सालीच त्याने विद्वानांच्या सभेत सांगून टाकले होते की, गुन्हा ही गरिबांची मक्तेदारी नाही. पुढे त्याने अमेरिकेतल्या सत्तर बड्या कंपन्यांचे न्यायालयीन आणि सरकारी निर्णय तपासले, तर त्यांच्याविरुद्ध गेलेले ९८० निर्णय सापडले. पुस्तक १९४९ मध्ये निघाले तेव्हा बदनामीच्या खटल्याच्या धास्तीने कंपन्यांची नावे गाळावी लागली. ती नावांसकट आवृत्ती निघाली १९८३ साली; लेखक वारल्याला तेहतीस वर्षे झाली होती. पारध्याच्या पोराचे नाव मात्र जन्मतःच रजिस्टरात जाई. वऱ्हाडातल्या एका गावी म्हशी मेल्याचे कानातले बिल्ले आणून विमा घेणारे शेतकरी मी पाहिले आहेत. म्हशी त्या वेळी गोठ्यात रवंथ करत होत्या. कान टोचायला त्यांना कुठल्या जमातीने शिकवले नव्हते. तालुक्याहून येणाऱ्या इस्त्रीच्या शर्टातल्या दलालाने एका मोसमात अख्खा गाव पढवला होता.

आणि जे शिकवता येते, त्याच्याऐवजी दुसरेही शिकवता येते. हे आपल्याकडे फार पूर्वी एका माणसाला कळले होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात फासेपारध्यांना पकडून कोंडण्याऐवजी चाकरीत घेतले, स्वतःच्या पहाऱ्यावर ठेवले आणि १९१८ साली या जमातींची हजेरी बंद केली. दरबारातल्या लोकांना ते वेडेपणाचे वाटले असेल. पण महाराज स्वतः शिकारी होते; रात्री जागू शकणारा, पावलाचा आवाज न करणारा, माती वाचणारा माणूस किती गुणी असतो, हे त्यांना ठाऊक होते. आज मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात, जिथले वाघ २००९ पर्यंत संपून गेले होते आणि नंतर बाहेरून आणून वसवावे लागले, तिथे पारधी तरुण पर्यटकांना पायी फिरवून माग कसा वाचायचा ते दाखवतात. सेमाडोहच्या माझ्या वनरक्षक मित्रानेही आयुष्यभर दुसरे काय केले?

आमच्या अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चवाळा इथे मतीन भोसले यांची शाळा आहे. ते स्वतः फासेपारधी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक. नोकरी सोडून, शहरांत भीक मागणारी आपल्या समाजाची मुले गोळा करून त्यांनी २०१२ साली ती सुरू केली. नाव ठेवले ‘प्रश्नचिन्ह’. २०१९ साली समृद्धी महामार्ग आला आणि शाळेच्या काही खोल्या व ग्रंथालय त्याखाली गेले. रस्ता झाला. बांडुराच्या फिल्मप्रमाणे मुले हेही बघत होती. मोठी माणसे कोणाला शाबासकी देतात आणि कोणाच्या खोल्या पाडतात, हाही एक धडाच असतो, आणि तो कोणत्या दिवशी बाहेर येईल हे सांगता येत नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा पारध्यांच्या बेड्यावर जाते. लहान मूल दाराआडून ते बघते. आपण कोण आहोत हे त्याला त्या रात्री कळते, आणि सांगणारा आईबापांपैकी नसतो.

सेमाडोहहून परतताना मी नेहमी परतवाड्याला उतरतो. तिथे बसस्टँडच्या बाहेर त्या मुलाचे झेरॉक्सचे दुकान आहे. मुलगा कसला, आता पन्नाशी उलटली आहे. पंधरा वर्षे मी त्या बाजूने जाणे टाळले होते. पुढे एकदा त्यानेच रस्ता ओलांडून येऊन नमस्कार केला. चौकशीचा विषय आम्ही कधी काढला नाही. मी काढायला हवा होता. यंदा काढला. चहा पिता पिता मी म्हणालो, ‘‘त्या दिवशी मी खोटं बोललो.’’

तो म्हणाला, ‘‘मले मालूम हाय ना साहेब. तुमाले दोन पोरी होत्या लग्नाच्या.’’ म्हणजे माझ्यासाठीचे वाक्यही त्याने इतकी वर्षे जवळ ठेवले होते.

मग थोडा वेळ थांबून तो म्हणाला, ‘‘पोरगं बँकेच्या परीक्षेले बसते यंदा. अमरावतीत खोली घेऊन रायते. तुमच्या घराजवळच. हिशेबात जरा कच्चा हाय. शिकवसान का त्याले?’’

मी हो म्हणालो. मुलगा दर रविवारी सकाळी येतो. अक्षर बापाचेच आहे. परवा त्याने विचारले की, सस्पेन्स खाते म्हणजे काय. म्हटले, त्याच्यावर अजून आलो नाही आपण.